न आलेल्या घंटीची पोहोच

१

मंगळवार, दोन तारीख, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. तिसरा मजला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. दार आतून बंद, वरची कडी लावलेली. घरात दोन माणसं : मी जेवणाच्या टेबलावर लिहीत बसलेलो, आणि आतल्या खोलीत पलंगावर माझी थोरली बहीण. त्या मिनिटाला माझ्या फोनवर कंपनीचा निरोप आला. आपली वस्तू पोहोचली आहे. धन्यवाद.

टेबलापासून दार पाच पावलांवर आहे. मी उठलो, कडी काढली, दार उघडलं. उंबऱ्यापाशी काही नव्हतं. जिन्यात कोणी नव्हतं. खाली उतरणारी पावलंही वाजत नव्हती.

चौतीस वर्षं बातमीदारी केली. आधी वेळ आणि जागा लिहायची, मग बाकीचं, हे हाडात मुरलेलं आहे. इथेही तसंच लिहितो. कंपनीचं नाव मात्र लिहीत नाही. नोटिशीला भिऊन नव्हे, नोटिशींचा माझ्याकडे गठ्ठा आहे. नाव लिहून उपयोग नाही म्हणून.

वस्तू म्हणजे बिनतारी घंटी. तिचे दोन भाग असतात. एक बटण, ते आजारी माणसाच्या हाताशी ठेवायचं. दुसरी घंटी, ती दुसऱ्या खोलीत भिंतीवरच्या सॉकेटमध्ये लावायची. इथे दाबलं की तिथे वाजतं.

ताईला तिची गरज होती. दोन वर्षांपूर्वी झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही. उजव्या हाताची मूठ वळली ती वळलीच. टेलिफोन खात्यात तीस वर्षं लोकांचे फोन जोडून देणाऱ्या बाईकडे एकच शब्द उरला : "आहे." भूक लागली का? आहे. उशी नीट आहे का? आहे. दुखतंय का? आहे. डॉक्टर म्हणाले, मेंदूत एखादा शब्द अडकून बसतो, त्याच्यावरून काही ठरवू नका. मी ठरवत नव्हतो.

मागच्या महिन्यात ती पलंगावरून घसरली. मी बाहेरच्या खोलीत फोनवर एका अधिकाऱ्याला झापत होतो. ती चाळीस मिनिटं फरशीवर पडून होती. त्या संध्याकाळी मी घंटी मागवली.

२

"सर, आमच्या नोंदीप्रमाणे वस्तू पोहोचली आहे."

"कोणाला?"

"आपल्याला, सर."

"मी दारापासून पाच पावलांवर बसलो होतो. मला नाही पोहोचली."

"सर, नोंदीप्रमाणे पोहोचली आहे."

"मग नोंदीला विचारा कुठे ठेवली ते."

ग्राहक सेवेतली मुलगी हसली नाही. त्यांना हसायची मुभा नसावी. पैसे परत हवे असतील तर वस्तू परत करा, असं तिने वाचून दाखवलं. जी आलीच नाही ती परत कशी करू, असं मी विचारलं. तिने तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचलं. चार दिवसांत मी नऊ वेळा फोन केला आणि नऊ वेगवेगळ्या आवाजांनी मला ते वाक्य ऐकवलं. प्रत्येक फोन मी रेकॉर्ड केला, प्रत्येकाला तारीख, वेळ आणि अनुक्रमांक दिला. जुनी खोड आहे. ह्या खोडीने दोन मंत्र्यांची झोप उडवली होती, आता एका घंटीच्या मागे लागलो होतो.

पाचव्या फोनवरची मुलगी वाचताना मध्येच थांबली.

"सर, तुमच्याकडून आवाज येतोय."

"कसला?"

"टक, टक असा. पेन वाजवताय का?"

पेन टेबलावर पडलेलं होतं. मी कान दिला. घरात काहीच ऐकू येत नव्हतं. आतल्या खोलीत पंखा फिरत होता, स्वयंपाकघरातला नळ नीट बंद होता.

"तुमच्या लाइनवर असेल," मी म्हणालो.

"नाही सर. तुमच्या मागून येतोय."

ताईला आंघोळ घालायला सकाळी एक मावशी येतात. बोलायला मोकळ्या, हाताने जड. त्या म्हणाल्या, "दादा, चौकातल्या विजेच्या दुकानात असल्या घंट्या माळेसारख्या टांगल्यात. उद्या येताना घेऊन येते एक."

"नको."

"का नको?"

"दुसरी आणली की ते म्हणणार, बघा, ह्यांचं काही अडलं नव्हतं. माझी तक्रार कमकुवत होते."

"तक्रार तुमची. अडलंय कोणाचं?"

"हा तत्त्वाचा प्रश्न आहे, मावशी."

"बरं," असं म्हणून त्यांनी ताईच्या डाव्या हाताशी स्टीलचा पेला ठेवला आणि त्यात चमचा टाकला. "ताई, ह्यांचं तत्त्व येईस्तोवर हे वाजवा."

ताईच्या चेहऱ्याची डावी बाजू हसली. झटक्याआधी ती मला भांडकुदळ म्हणायची. कुठेही रांगेत माझा आवाज चढला की मागून माझ्या सदऱ्याची बाही ओढायची.

"ताई, घंटी येईल लवकरच," मी म्हणालो.

"आहे," ताई म्हणाली.

३

पुरावा द्या, असं मी लेखी मागितलं. आयुष्यभर हेच दोन शब्द वापरून पोट भरलं. दुसऱ्या दिवशी पुरावा आला.

फोटो होता. आमचंच दार. बदामी रंग, खालच्या कोपऱ्यात पोपडा निघालेला. दारापाशी जमिनीवर कंपनीचा पिवळा खोका. खाली तारीख आणि वेळ : दोन, तीन वाजून दहा.

तो मी बराच वेळ पाहिला, आणि मग लक्षात आलं की फोटोत दाराची कडी दिसते आहे. आमची कडी आतल्या बाजूला आहे.

मी घाबरलो नाही, उलट चेव आला. बनावट फोटो म्हणजे फसवणूक, आणि फसवणूक म्हणजे बातमी. आमच्या दैनिकातला जुना फोटोग्राफर अजून माझ्या संपर्कात आहे. अंगाने इतका बारीक की सगळे त्याला छटाक म्हणायचे. तो घरी आला, चष्मा कपाळावर चढवून फोटो मोठा करकरून पाहू लागला.

"बनावट नाही हा," तो म्हणाला.

"छटाक, नीट बघ. आतून काढलाय. मी घरात होतो."

"आतून काढलाय हे मलाही दिसतंय, आंधळा नाही झालो अजून. पण उभ्या माणसाने नाही काढलेला. बघ, कडी किती वर गेलीय. कॅमेरा गुडघ्याएवढ्या उंचीवर आहे. आणि लांबून आहे, ह्या टेबलाच्याही मागून." तो मागे मागे सरकत बोळातून आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेला. "ह्याच्याही मागून."

ताई जागी होती. मावशींनी तिला खुर्चीत बसवलेलं होतं, पलंग रिकामा होता. छटाकने एकदा माझ्याकडे पाहिलं.

"जरा आडवा हो तिथे," तो म्हणाला.

मी ताईच्या पलंगावर आडवा झालो आणि तिच्या उशीवर डोकं टेकलं. उशीला तिच्या तेलाचा वास होता. मान उजवीकडे वळवली. बोळ, टेबलाचा एक पाय, त्यापलीकडे दार, दारावर वर गेलेली कडी आणि खालचा पोपडा. फोटोत जसं होतं तसंच, केसाचाही फरक नव्हता.

"ताईंकडे फोन आहे का?" छटाकने हळूच विचारलं.

"तिला चमचा धरता येत नाही धड."

"मग मला माहीत नाही," छटाक म्हणाला. त्याने चहा घेतला नाही. जाताना जिन्यात थांबून म्हणाला, "सोड ना रे हे प्रकरण. दुसरी घंटी आण."

"तूही?"

"मी काय, सगळे तेच म्हणतील."

४

शहाण्या माणसाने इथे थांबायला हवं होतं. मी दुसरं पत्र लिहिलं. फोटो ग्राह्य नाही. वस्तू कोणाच्या हाती दिली त्याचा पुरावा द्या.

तो बुधवारी आला, सकाळी अकरा वाजता. मावशी ताईचे केस विंचरत होत्या. मी टेबलावर बसून फोटो उघडला आणि फोन पालथा घातला. थोड्या वेळाने पुन्हा सुलटा केला.

हात होता, फक्त हात, मनगटापासून पुढे. खाली आमच्या पलंगपोसाची निळी रेघ. मूठ वळलेली, अंगठा आत दाबलेला, अंगठ्याच्या बुडाशी तीळ. उजवा हात. आणि मधल्या दोन बोटांच्या फटीतून काहीतरी पांढरं, गोल, गुळगुळीत, त्याची जेमतेम एक कड दिसत होती.

मी काय काय विचार केला ते प्रामाणिकपणे लिहितो. कोणीतरी फोनमधून माझे जुने फोटो चोरले. पण त्या हाताचा फोटो मी कधी काढलेला नाही. मावशींनी काढला आणि विकला. मावशींचा फोन बटणांचा आहे, त्यात कॅमेराच नाही. तीळ हजारोंना असतात. पलंगपोस दुकानात मिळतात. प्रत्येक शंका रास्त होती, आणि त्यांतली एकही मला दहा मिनिटं पुरली नाही.

मावशी गेल्यावर मी ताईजवळ बसलो. तिची मूठ रोज उघडावी लागते, नाहीतर आत घाम साचतो. एकेक बोट हलकेच सरळ करायचं, तळवा पुसायचा, रुमालाची गुंडाळी आत ठेवायची, मग बोटं आपोआप मिटतात. हे काम मावशींचं. मी दोन वर्षांत चार-पाच वेळाच केलं असेल.

त्या दिवशी बोटं उघडेनात. निर्जीव हात असा धरून ठेवत नाही. मी जोर लावला तसा तिनेही लावला. शेवटी डाव्या हाताने तिने माझं मनगट धरलं आणि माझ्या डोळ्यांत पाहत म्हणाली, "आहे."

"काय आहे, ताई?"

"आहे. आहे."

मग बोटं सुटली. आत रुमालाची गुंडाळी होती, दुसरं काही नव्हतं. गुंडाळी उचलली तर तळव्याच्या मधोमध एक ठसा होता. गोल, सदऱ्याच्या बटणाच्या दुपटीएवढा, काठ स्पष्ट.

दुसऱ्या दिवशी मी मावशींना विचारलं, "रुमालाला गाठ मारता का तुम्ही?"

"गाठ कशाला मारू? टोचेल की त्यांना." त्यांनी ठशावरून अंगठा फिरवला. "हे तर पंधरवडा झाला. मला वाटलं, तुम्हीच काहीतरी देता धरायला."

साक्षीदाराचं म्हणणं टिपून घ्यायचं, पटो न पटो, असं मी नव्या पोरांना शिकवत आलो. ताईचं म्हणणं मी एकदाही टिपलं नव्हतं. ती एकच शब्द बोलते, त्याचा काय पुरावा, असा माझा हिशेब होता.

तरी चौकातल्या दुकानात मी गेलो नाही. जाणार होतो. पण त्याच संध्याकाळी कंपनीचा निरोप आला : तक्रार निवारण अधिकारी शुक्रवारी दुपारी चार वाजता आपल्याशी स्वतः बोलतील. सतरा दिवसांनी मला माणूस मिळत होता. म्हटलं, शुक्रवार होऊन जाऊ दे.

५

शुक्रवार, एकोणीस तारीख. फोन चार वाजून दोन मिनिटांनी आला.

त्याआधी मी सगळी तयारी केली होती. कागद लावले. ताईला पाणी पाजलं, उशी सारखी केली, पेला आणि चमचा तिच्या डाव्या हाताशी ठेवला. रेकॉर्डिंगमध्ये मागचे दोन फोन चमच्याच्या खणखणाटाने खराब झाले होते. म्हणून हा फोन गॅलरीत घ्यायचा आणि मधलं दार लावून घ्यायचं असं ठरवलं होतं.

"ताई, अर्धा तास फक्त. आज मी त्यांना सोडत नाही."

तिने माझी बाही धरली. झटक्यानंतर पहिल्यांदाच. मला गंमत वाटली. मी तिची बोटं सोडवली, दार लावलं, फोन उचलला.

अधिकारी मवाळ आवाजाचा होता. मी चढ्या आवाजात सुरुवात केली आणि चढतच गेलो. तारखा सांगितल्या, अनुक्रमांक सांगितले, ग्राहक न्यायालय, दैनिकातला माझा स्तंभ, सगळं काढलं. मला मजा येत होती, हे लपवत नाही. बऱ्याच वर्षांनी मी कोणालातरी कोपऱ्यात गाठलं होतं.

अर्ध्यावर तो म्हणाला, "माफ करा, साहेब, तुमच्याकडे कोणी बटण दाबतंय का?"

"बटण माझ्याकडे असतं तर तुमच्याशी कशाला डोकेफोड केली असती?"

हे उत्तर मला इतकं आवडलं की मी ते कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं. स्तंभात वापरता येईल म्हणून. तो कागद अजून आहे.

चार वाजून सव्वीस मिनिटांनी तो म्हणाला, ठीक आहे, साहेब, आपले पैसे परत करतो. मी फोन ठेवला. जिंकलो होतो. ताईला सांगायला दार उघडून आत गेलो.

ती पलंग आणि भिंतीच्या मध्ये फरशीवर होती. पेला पलंगाखाली गडगडत गेलेला. डावा हात अंगाखाली अडकलेला. उजवा हात समोर पसरलेला होता, तळवा वर, पाचही बोटं सरळ. दोन वर्षांत तो हात तसा कोणी पाहिला नव्हता. तळव्यात काही नव्हतं. मधोमध तोच गोल ठसा, पण आता लालबुंद, कातडी सोलवटेपर्यंत खोल गेलेला. रुमालाची गुंडाळी वर पलंगावर, जशी ठेवली होती तशी.

श्वास चालू होता. डोळे दाराकडे होते. गॅलरीच्या.

रुग्णालयात डॉक्टर म्हणाले, "दुसरा झटका. स्नायू सैल पडतात, मूठ उघडते. होतं असं." ठशाचं विचारलं तर म्हणाले, पडताना काहीतरी रुतलं असेल. काय रुतलं असेल ते मी विचारलं नाही. प्रश्न न विचारता परत आल्याची माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ. ताई तिसऱ्या दिवशी पहाटे गेली. मावशी बाकावर माझ्याशेजारी बसून होत्या. त्या मला काहीच बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

६

शुक्रवारचं रेकॉर्डिंग मी आठ दिवसांनी ऐकलं.

माझा आवाज आहे, मोठा. अधिकाऱ्याचा आहे, बारीक. आणि दोघांच्या मागे तिसरा आहे. टक. पहिला चार वाजून पाच मिनिटांनी. मग थोडा थांबून दुसरा. मग भराभर, एकावर एक, जसं लिफ्ट येत नाही म्हणून माणूस बटण दाबत सुटतो. मग पुन्हा सावकाश. मध्ये मी मोठ्याने हसतो, ते त्या डोकेफोडीच्या उत्तरावर. त्यानंतर लांब लांब अंतराने. शेवटचा चार सव्वीसला, मी फोन ठेवतो त्याच्या जरासा आधी. मी तीनदा ऐकून मोजले. एकतीस.

गॅलरीचं दार जाड लाकडाचं आहे. पलीकडून चमचा ऐकू येत नाही. बटणाचा आवाज यायचं कारण नाही.

बाराव्या दिवशी कंपनीचं पत्र आलं. पैसे परत केले आहेत. आपली तक्रार समाधानकारकरीत्या बंद करण्यात आली आहे. सोबत परत आलेल्या वस्तूचा तपासणी अहवाल, नियमाप्रमाणे. अहवाल जसाच्या तसा लिहितो.

बटण : वापरलेले. दाबल्याची नोंद : एकतीस वेळा, सर्व एकोणीस तारखेला, ४:०५ ते ४:२६.

घंटी : सीलबंद. कधीही जोडलेली नाही.

वस्तू परत घेतली : एकोणीस तारीख, दुपारी ४:२६, ग्राहकाच्या घरून.

मी कंपनीला एकाच ओळीचं पत्र लिहिलं. त्या मिनिटाला माझ्या घरातून बटण कोणी नेलं? उत्तर नाही. पुन्हा लिहिलं. तक्रार बंद झाल्यामुळे तिच्यावर पत्रव्यवहार करता येत नाही, असं उलट टपाली कळवलं गेलं. छटाकला अहवाल दाखवला. त्याने तो वाचला, घडी घातली आणि माझ्या खिशात परत ठेवला.

पैसे खात्यात पडून आहेत. दुसऱ्या दिवशी चौकातल्या दुकानावरून गेलो. घंट्या खरंच माळेसारख्या टांगलेल्या आहेत.

एवढं मात्र मी शपथेवर सांगू शकतो. एकोणीस तारखेला सकाळी मावशी गेल्यावर दाराची कडी मी लावली. ती मीच काढली, रुग्णवाहिकेच्या माणसांसाठी, चार वाजून एकेचाळीस मिनिटांनी. मधल्या वेळात ती लागलेली होती.